घराला जिना नाही, साहेब

"किती जिने चढल्यावर धाप लागते?" डॉक्टरांनी विचारलं.

आप्पा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "घराला जिना नाही, साहेब."

डॉक्टर हसले, मीही हसलो. डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढचा पेशंट आत आला. बाहेर रिक्षात बसल्यावर मला त्या हसण्याची लाज वाटली. आप्पांनी विनोद केला नव्हता, खरं तेच सांगितलं होतं. प्रश्नच त्यांच्या आयुष्यातला नव्हता. पण त्या चुकीच्या प्रश्नाच्या उत्तरावर त्यांच्या काळजाचा हिशेब मांडला गेला होता.

आप्पा कोरीटचे. नंदुरबार तालुक्यातलं हे गाव. शहरात ज्याला आपण ‘कोरीट नाका’ म्हणतो, तो याच गावाच्या नावाचा. माझे अब्बा मिरचीच्या पथारीवर हिशेब लिहायचे आणि आप्पा तिथे ओली लाल मिरची घेऊन यायचे. तेव्हापासूनची ही ओळख. ईदला आमच्याकडून शीरखुर्म्याचा डबा कोरीटला जातो आणि आखाजीला तिकडून आंबे येतात. अब्बांच्या जनाज्याला खांदा देणाऱ्यांत आप्पा होते. त्यामुळे त्यांच्या आजारपणात दवाखान्याच्या चकरा मी मारल्या, यात विशेष काही नाही. पण त्या चकरांत जे कळलं ते आपल्यापैकी अनेकांच्या घरात उपयोगी पडेल असं वाटलं, म्हणून लिहितोय.

पहिल्यांदा आप्पा पडले ते रात्री, शेतात. शेतीपंपाची वीज आठवड्यातले काही दिवस रात्रीच येते. त्या वेळी उठून मोटार चालू करायची, पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात वळवायचं. सकाळी सालदाराला ते बांधावर बसलेले दिसले, कपाळाला खोक पडलेली. विचारलं तर म्हणाले, "काही नई रे भाऊ, जरासी चक्कर उनी." दवाखान्यात सलाईन लावलं, ताकदीच्या गोळ्या दिल्या. आपल्याकडे प्रत्येक चक्कर अशक्तपणाची असते आणि प्रत्येक छातीतलं दुखणं गॅसचं असतं.

दुसऱ्यांदा ते मोटारसायकलवरून पडले. या वेळी ईसीजी काढला. नॉर्मल. महिन्याभराने पुन्हा चक्कर, पुन्हा ईसीजी, पुन्हा नॉर्मल. चौथ्या वेळेपर्यंत घरातले म्हणायला लागले की आप्पांच्या मनातच काहीतरी आहे. आप्पांनाही तसंच वाटू लागलं. नॉर्मलचा कागद हातात असलेला माणूस आपली तक्रार पुन्हा सांगायला कचरतो.

आता साधा हिशेब करा. नेहमीचा ईसीजी साधारण दहा सेकंदांचा असतो. दिवसात ८६,४०० सेकंद असतात. हृदय दिवसभरात सुमारे एक लाख वेळा धडधडतं, त्यातले दहा-बारा ठोके आपण कागदावर पाहतो, तेही माणूस पलंगावर उताणा, शांत पडलेला असताना. हार्ट अटॅक आला असेल, हृदयाच्या स्नायूला आधीच इजा झाली असेल, ठोक्यांची गडबड त्या क्षणी चालू असेल, तर त्या दहा सेकंदांत ते दिसू शकतं. म्हणूनच छातीत कळ आली की विनाविलंब ईसीजी काढायचा असतो, त्याला पर्याय नाही. पण जी गडबड आठवड्यातून एकदा, रात्री दोनला, बांधावर होते, ती दुपारी बाराच्या पलंगावर सापडेल कशी?

या अडचणीवरचा उपाय नवा नाही. अमेरिकेतल्या माँटाना राज्यात, हेलेना नावाच्या गावात, नॉर्मन होल्टर नावाचे एक संशोधक होते. त्यांचं म्हणणं असं की, माणूस प्रयोगशाळेत येऊन पडतो तेव्हा तो त्याचं रोजचं आयुष्य जगत नसतो, मग त्याच्या रोजच्या हृदयाबद्दल आपल्याला काय कळणार? १९४०च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी पाठीवर बांधायचं एक यंत्र तयार केलं. हृदयाची विद्युत स्पंदनं ते रेडिओलहरींनी पाठवायचं आणि त्याचं वजन होतं सुमारे ३८ किलो! म्हणजे सिमेंटच्या पोत्यापेक्षा थोडं कमी. हे ओझं पाठीवर घेऊन व्यायामाची सायकल चालवायची. पुढे ट्रान्झिस्टर आले, टेप आली, यंत्र लहान होत गेलं. १९६१ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात होल्टर यांनी ही पद्धत मांडली. आज त्यांच्याच नावाने ओळखलं जाणारं होल्टर यंत्र खिशात मावतं. छातीवर चिकटवायच्या काही गोल पट्ट्या, त्यांच्या वायरी आणि काडेपेटीहून थोडी मोठी डबी. २४ तास, ४८ तास, काही यंत्रं त्याहून जास्त दिवस प्रत्येक ठोका नोंदवून ठेवतात.

म्हणजे हे यंत्र जन्माला आलं तेच माणसाला पलंगावरून उठवण्यासाठी. हे मला तेव्हा माहीत असतं, तर पुढचा घोटाळा झाला नसता.

आप्पांना सुरतला नेलं. नंदुरबारच्या लोकांना सुरत जवळची. तापी खोऱ्यातली रेल्वे आहे, नातेवाईक आहेत, भाषा कळते. तिथे होल्टर लावलं आणि दुसऱ्या दिवशी याच वेळी परत या म्हणून सांगितलं. कोरीटला जाऊन परत यायचं तर दिवसच गाडीत जाणार. मग आप्पांच्या साडूच्या खोलीवर राहिलो. महागडं यंत्र आहे, वायर निघाली तर पैसे पाण्यात जातील, या भीतीने आम्ही आप्पांना दिवसभर खाटेवर झोपवून ठेवलं. पाणी हातात, जेवण हातात. यंत्राबरोबर एक छापील कागद दिला होता. किती वाजता काय केलं, किती वाजता काय त्रास झाला, हे त्यात लिहायचं होतं. कागद इंग्रजीत होता. आम्ही तो कोराच परत दिला. लिहिणार तरी काय? ‘झोपले. झोपले. झोपले.’

रिपोर्ट आला, नॉर्मल. त्यात नवल नव्हतं. आम्ही एक लाख ठोके नोंदवले, पण ते साडूच्या खाटेवर पडलेल्या पाहुण्याचे. रात्री उठून मोटार चालू करणाऱ्या शेतकऱ्याच्या हृदयाला यंत्र लागलंच नव्हतं.

दुसऱ्या वेळी एका तरुण डॉक्टरांनी तो कोरा कागद पाहिला आणि विचारलं, "त्या दिवशी यांनी केलं काय?" मी खरं सांगितलं. ते रागावले नाहीत. सात दिवस चालणारी, छातीवर चिकटून बसणारी पट्टी त्यांनी लावली आणि म्हणाले, "आता घरी जा. नेहमी करता ते सगळं करा, फक्त गाडी चालवू नका आणि शेतात रात्री एकटे जाऊ नका. चक्कर आली, धडधड झाली की हे बटण दाबा आणि वेळ लिहून ठेवा. मराठीत लिहा, मी वाचून घेईन."

नोंदी ठेवायचं काम आप्पांच्या आठवीतल्या नातीने घेतलं. शाळेच्या वहीचं मधलं पान. ती वही मी पाहिली आहे. ‘सकाळी ६, म्हैस सोडली. ९.३०, मिरची तोडायला बाया आल्या, बाबा ओरडले. दुपारी १, जेवले, झोपले.’ चौथ्या रात्रीची नोंद तिच्या वडिलांच्या अक्षरात आहे, कारण ते सोबत गेले होते. ‘रात्री २.१०, मोटार चालू. छातीत फडफड म्हणाले. मग डोळ्यापुढे अंधार. मी धरलं.’

पट्टीत नेमकी तीच वेळ सापडली. २ वाजून १० मिनिटांनी आधी हृदय वेडंवाकडं, अतिशय जलद धावलं. मग ती धाव एकाएकी थांबली, आणि तिच्यासोबत हृदयही थांबलं. सहा सेकंद. हृदयाची नैसर्गिक लय राखणारं केंद्र थकलेलं होतं. जलद ठोके बंद पडल्यावर ताबा घ्यायला त्याला वेळ लागत होता. त्या सहा सेकंदांत मेंदूला रक्त मिळत नव्हतं आणि आप्पा कोसळत होते. दोन वर्षांची ‘मनातली चक्कर’ त्या सहा सेकंदांत निकाली निघाली. पंधरा दिवसांत पेसमेकर बसला.

मित्रहो, यातून मला जे म्हणायचं आहे ते इतकंच. काळजाच्या पेशंटचं काळीज त्याच्या कामात बघावं लागतं. हे बघणं यंत्र एकटं करू शकत नाही, पेशंटचा दिवस कुणीतरी लिहावा लागतो. आणि ज्याचा दिवस कष्टात जातो, त्याचं काळीज आपल्या व्यवस्थेत सर्वांत कमी बघितलं जातं.

जिन्याचा प्रश्न पुन्हा घेऊ. हृदयविकार किती बळावला आहे हे ठरवायला जगभरचे डॉक्टर चार पायऱ्यांची एक वर्गवारी वापरतात. न्यूयॉर्क हार्ट असोसिएशनने ती १९२८ साली केली. ‘नेहमीच्या कामाने’ त्रास होत नसेल तर पहिली पायरी, नेहमीच्या कामाने होत असेल तर दुसरी, नेहमीपेक्षा हलक्या कामाने होत असेल तर तिसरी, बसल्याजागी होत असेल तर चौथी. वर्गवारी चांगली आहे. पण नेहमीचं काम कुणाचं? शहरातल्या माणसाचं नेहमीचं काम म्हणजे एक-दोन मजले चढणं, बाजारातून पिशवी आणणं. आमच्याकडच्या बाईचं नेहमीचं काम म्हणजे डोक्यावर एक हंडा, कमरेवर एक, दिवसभर वाकून मिरची तोडणं, संध्याकाळी चुलीपुढे भाकरी. तिला विचारायला हवं की पूर्वी न थांबता किती हंडे आणायचीस, आता कितव्या खेपेला टेकतेस? सरीच्या शेवटापर्यंत जाताना मधे कितीदा कमर सरळ करण्याच्या निमित्ताने उभी राहतेस? उशाला पूर्वी एक गोधडी घ्यायचीस, आता किती घेतेस? लहानपणीच्या सांधेतापाने झडपा आखडलेल्या कितीतरी बाया अशाच असतात. बसलेल्या असताना त्या ठीक दिसतात, आजार दुसऱ्या हंड्याला दिसतो.

शिवाय माणूस नकळत आपलं काम कमी करत आणतो. धाप लागते म्हणून दूरच्या विहिरीऐवजी जवळच्या नळावर जातो, बाजार पोरावर सोपवतो, मग डॉक्टरांना सांगतो की आता त्रास नाही. त्रास कमी झालेला नसतो, आयुष्य कमी झालेलं असतं.

आणि जिथे त्रास होतच नाही, तिथलं काय? १९८० च्या दशकात लंडनच्या हॅमरस्मिथ हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी छातीदुखीच्या पेशंटांना अशीच अंगावर बाळगायची यंत्रं लावून घरी पाठवलं. हृदयाच्या स्नायूला रक्त कमी पडत असल्याच्या खुणा दिवसातून अनेकदा मिळाल्या. त्यातल्या बहुतेक वेळी पेशंटला काहीच दुखलं नव्हतं. १९८४ साली त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. पेशंटला नुसती तोंडी वजाबाकी करायला लावली तरी काहींच्या हृदयाचा रक्तपुरवठा घटत होता, तोही न दुखता. बसल्या बसल्या, डोक्याला ताण एवढाच. सावकाराचा फोन, पोरीच्या लग्नाची बोलणी, पडलेला भाव, यांचं वजन काळजावर किती पडत असेल याचा अंदाज करा. मधुमेह असलेल्या माणसाला तर पुष्कळदा हृदयाची कळ जाणवतच नाही.

याच दशकात हृदयाची नुसती लय नाही, तर पंप करण्याची ताकद चालता-फिरता मोजण्याचाही प्रयत्न झाला. पेशंटच्या रक्तपेशींना अल्प किरणोत्सारी द्रव्य जोडायचं आणि ते टिपणारं यंत्र बंडीसारखं छातीवर घालायचं. मग तो चालला, जेवला, वैतागला की डाव्या कप्प्याचं पंपिंग कसं बदलतं ते नोंदवायचं. ती बंडी सर्वसामान्यांच्या वापरात आली नाही. पण प्रश्न तोच होता. माणूस जगत असताना त्याचं हृदय काय करतं?

आता आमच्या घरातली गोष्ट. अम्मीला काही वर्षांपूर्वी अटॅक येऊन गेला. हृदयाची पंप करण्याची ताकद निम्म्याच्या आसपास राहिली. तिला होल्टर लावायला सांगितलं तर तिने साफ नकार दिला. कारणं दोन. एक, छातीवर पट्ट्या लावणारा पुरुष असेल. दुसरं, मग नमाज कशी पढणार? ही अडचण फक्त आमच्या अम्मीची नाही, म्हणून स्पष्ट लिहितो. पट्ट्या लावायला बाई मागता येते, मागायला लाजू नका. ती कुठल्याही समाजातल्या बाईची रास्त मागणी आहे. आणि वजूत चेहरा, हात, डोकं, पाय येतात, छाती भिजत नाही. यंत्र असताना फक्त अंघोळ टाळायची असते. तेवढ्या वेळापुरता गुस्लचा प्रश्न आलाच, तर आजाऱ्यासाठी तयम्मुमची सवलत आपल्या दीनमध्ये आहेच. आपल्या मौलानांना विचारून घ्या. नमाज तर पढावीच, रुकू आणि सजद्यासकट. यंत्राला तेच बघायचं आहे.

कारण अम्मीचा आजार पहिल्यांदा दिसला तोच सजद्यात. काही महिन्यांपासून ती म्हणत होती, सजद्यात गेलं की दम कोंडतो. आम्ही म्हणालो, वय झालं, खुर्चीवर पढ. ती खुर्चीवर पढू लागली आणि विषय मिटला. पुढे कळलं की खाली वाकल्यावर अर्ध्या मिनिटाच्या आत धाप लागणं ही कमजोर हृदयाच्या पेशंटमध्ये शरीरात पाणी साचत असल्याची खूण असू शकते, आणि डॉक्टरांनी तिची वेगळी दखल घेतलेली आहे. दिवसातून पाच वेळा हे शरीर वाकत होतं, पाच वेळा सांगत होतं. आम्ही खुर्ची देऊन त्याचं तोंड बंद केलं. खुर्ची द्यायला हरकत नव्हती. पण त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायला हवा होता.

पुराणे हकीम नब्ज बघायचे. इब्न सीना यांच्या ‘कानून’मध्ये नब्जवर स्वतंत्र विवेचन आहे. आमच्या नानांच्या वेळचा हकीम मनगटावर बोटं ठेवून विचारायचा, झोप कशी लागते, राग कुणाचा येतो, भूक कधी लागते. त्या नाडीपरीक्षेने आजचा हृदयविकार ओळखता येईल असं मी अजिबात म्हणत नाही. पण दिवस कसा जातो हे विचारायची सवय चांगली होती. ती आपण यंत्र आल्यावर का सोडली?

अम्मीच्या बाबतीत आता महागडं काहीच करत नाही. एक वजनकाटा, एक बीपीचं यंत्र आणि एक वही. फजरच्या नमाजेनंतर, लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी, त्याच काट्यावर वजन. तीन दिवसांत दोन किलोपेक्षा जास्त वाढलं तर ती चरबी नव्हे, पाणी. डॉक्टरांना फोन. पायाच्या नडगीवर अंगठा दाबायचा, खड्डा राहतो का बघायचा. रात्री किती उशा लागल्या, रात्री धाप लागून उठावं लागलं का, हे लिहायचं. मनगटावर दोन बोटं ठेवून पूर्ण एक मिनिट नाडी मोजायची, ठोके सारख्या अंतराने पडतात की विस्कळीत, तेही लिहायचं. सगळं मिळून सात-आठ मिनिटांचं काम आहे.

मागच्या रमजानमध्ये या वहीने अम्मीला वाचवलं असं मी म्हणतो. तिने रोजे धरू नयेत असं डॉक्टर म्हणाले होते, आलिमांनीही सांगितलं होतं की आजाऱ्याला सवलत आहे, आणि बरं होण्याची आशा नसेल तर फिदिया आहे. तिने ऐकलं, पण तोंड पाडून. रोजा नव्हता, तरी इफ्तारला सगळ्यांबरोबर बसायची. भजी, पापड, चाट मसाला टाकलेली फळं. मीठ पोटात जायला रोजा असावा लागत नाही. शिवाय तरावीहच्या वेळी सारखं उठावं लागतं म्हणून तिने लघवीची गोळी गुपचूप बंद केली होती. आम्हाला कुणाला कळलं नाही. काट्याला कळलं. दहाव्या दिवशी सव्वादोन किलो जास्त. माझ्या बायकोने वही पुढे ठेवून विचारलं, तेव्हा अम्मी रडली. डॉक्टरांनी गोळीची वेळ बदलून दिली आणि चार दिवसांत वजन उतरलं. अॅडमिट करावं लागलं नाही.

आता घड्याळांबद्दल. आखातात किंवा पुण्यात असलेला मुलगा आईबापासाठी स्मार्ट घड्याळ पाठवतो आणि त्याला वाटतं आपण काळजी घेतली. ही घड्याळं अगदी निरुपयोगी नाहीत. २०१९ साली अमेरिकेतल्या चार लाखांहून अधिक लोकांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. घड्याळाने नाडी अनियमित असल्याचा इशारा दिला ते लोक होते अर्ध्या टक्क्याच्या आसपास. त्यांच्यातल्या ज्यांनी नंतर छातीवर पट्टी लावून तपासणी पूर्ण केली, त्यांच्यापैकी साधारण एक तृतीयांश लोकांत खरोखर ठोक्यांची गडबड सापडली. म्हणजे इशारा आला तर डॉक्टरकडे जा. पण इशारा आला नाही म्हणून निश्चिंत राहू नका. आणि ही घड्याळं हार्ट अटॅक ओळखत नाहीत. छातीत दाब, हात किंवा जबड्याकडे जाणारी कळ, घाम सुटला की घड्याळ बघत बसायचं नाही, वही लिहीत बसायचं नाही. १०८ लावायचा आणि निघायचं. पाठवायचं असेल तर घड्याळाबरोबर वजनकाटाही पाठवा, आणि आठवड्यातून एकदा फोनवर विचारा की वहीत काय लिहिलंय. आईला घड्याळापेक्षा तो फोन जास्त आवडेल.

पण सगळं घरावर टाकून चालणार नाही. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला धुळ्यापासून वेगळा झाला. २०२० मध्ये इथे सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालं. ही मोठी गोष्ट आहे, तिचं मोल कमी करायचं नाही. माझं म्हणणं पुढच्या टप्प्याबद्दल आहे. अँजिओप्लास्टी, बायपास यांचे फलक लागतात, उद्घाटनं होतात. सरकारी आरोग्य योजना मुख्यतः दाखल झालेल्या पेशंटच्या उपचारासाठी आहेत. दाखल होण्याआधीची तपासणी, ज्यात होल्टर येतं, ती पुष्कळदा खिशातूनच करावी लागते. म्हणजे पेसमेकरला मदत मिळू शकते, पण पेसमेकर हवा आहे हे शोधायला सुरतचं तिकीट स्वतः काढायचं. आप्पांना काढता आलं. धडगावच्या डोंगरातल्या मजुराने काय करायचं?

म्हणून मागणी मोठी नाही. प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयात दोन-चार होल्टर यंत्रं असावीत. ती लावणारी एक व्यक्ती बाई असावी. नोंद वाचणारा तज्ज्ञ तिथे नसला तरी चालेल, नोंद दूर पाठवता येते. ही गोष्टही जुनीच आहे. ईसीजीचे जनक आइंटहोवन यांचं यंत्र इतकं अवजड होतं की ते हलवता येत नव्हतं, म्हणून त्यांनी १९०५ च्या सुमाराला हॉस्पिटलातल्या पेशंटची स्पंदनं दीड किलोमीटर लांबच्या प्रयोगशाळेत टेलिफोनच्या तारेने मागवली होती. सव्वाशे वर्षांपूर्वी तारेने जमलं ते आज मोबाइलने जमायला काय अडचण आहे?

दुसरी मागणी त्याहून स्वस्त आहे. नोंदीचा कागद मराठीत असावा आणि शक्य तर चित्रांचा. विहीर, हंडा, चूल, मोटार, नमाज, बाजार, झोप. भिली बोलणाऱ्या आजीलाही खूण करता आली पाहिजे. आशाताई तिशीपुढच्या माणसांचे बीपी-शुगरच्या धोक्याचे फॉर्म घरोघरी भरतातच. ज्या घरात कमजोर हृदयाचा पेशंट आहे हे कळलेलं आहे, तिथे आठवड्यातून एकदा काट्यावर उभं करून आकडा लिहिणं हे त्यांच्याकडून करून घ्यावं, आणि त्याचे पैसे त्यांना द्यावेत. फुकट काम त्यांच्यावर आधीच पुष्कळ आहे.

तिसरी गोष्ट मागणी नाही, आपल्यालाच विनंती आहे. जुम्म्याला मशिदीबाहेर आपण एकमेकांची खैरियत विचारतो. "कैसे हो?" "अल्लाह का शुक्र है." शुक्र करावाच, पण पुढे एक प्रश्न जास्त विचारा. चाचा, घरापासून इथपर्यंत मधे थांबावं लागलं का? मागच्या महिन्यात लागत होतं का? उत्तर बदललं असेल, तर त्यांच्या मुलाला फोन करा.

आप्पा आता बरे आहेत. फोन शर्टाच्या डाव्या खिशात ठेवत नाहीत, सहा महिन्यांनी पेसमेकर तपासून घेतात. मागच्या आठवड्यात कोरीटला गेलो तेव्हा ते ओट्यावर बसले होते. मी म्हटलं, डॉक्टर विचारतील, काय सांगायचं? ते म्हणाले, "सांग, रात्री मोटार चालू करून आठ वाफे भरले, मधे बसलो नाही."

नात आता नववीत गेली. ती वही तिने जपून ठेवली आहे.